पॅम्पास गवतावरचा आळ

ब्रिटनमध्ये घरासमोरच्या बागेत पॅम्पास गवताचा पांढरा तुरा डोलताना दिसला, की त्या घरातले नवराबायको 'स्विंगर' असणार, म्हणजे इतर जोडप्यांशी राजीखुशीने जोडीदारांची अदलाबदल करणारे असणार, असे अर्ध्या चेष्टेत आणि अर्ध्या खात्रीने सांगितले जाते. अमेरिकेत हाच संशय उलट्या अननसावर आहे. क्रूझ जहाजांच्या केबिनची दारे पोलादी असल्याने उतारू त्यांवर शोभेची चुंबके चिकटवतात; त्यांत एखादे अननसाचे चुंबक उलटे दिसले, की कुजबुज सुरू होते. फ्लोरिडात 'द व्हिलेजेस' ही निवृत्तांची अवाढव्य वसाहत आहे. तिथले लोक बाजारहाटाला गोल्फकार्टने जातात, आणि त्या कार्टना बांधलेल्या अंघोळीच्या रंगीत लूफांचा अर्थ सांगणारे तक्ते समाजमाध्यमांवर फिरत असतात: हा रंग म्हणजे नवखे, तो रंग म्हणजे कशालाही तयार. एकसारख्या कार्टच्या रांगेतून आपली चटकन ओळखू यावी म्हणून लूफा बांधला, हे रहिवाशांचे साधे स्पष्टीकरण त्या तक्त्यांइतके फिरत नाही. गुलाबी प्लास्टिकचे फ्लेमिंगो, टोपीवाल्या बुटक्यांचे पुतळे, पांढरे गोटे, काळी अंगठी अशी ही यादी पुढे लांबतच जाते.

या गोष्टींकडे बघण्याच्या दोन रीती रूढ आहेत. काहीजण त्या खऱ्या मानतात आणि येताजाता शेजाऱ्यांच्या बागा न्याहाळतात. स्वतःला जाणते समजणारे हसतात, 'अफवा आहे' म्हणतात आणि विषय संपवतात. दोन्ही भूमिका उथळ आहेत, कारण दोघांनाही एकच प्रश्न दिसतो: ते गवत खूण आहे की नाही? खरा प्रश्न असा आहे, की ही गोष्ट सांगतो कोण, आणि सांगून त्याला काय मिळते. गुप्त खुणांची ही लोककथा स्विंगरांची नाहीच. ती त्यांच्या शेजाऱ्यांची आहे. भिंतीआडचे जे आयुष्य शेजाऱ्याला दिसत नाही, ते ती अंगणात आणून ठेवते, आणि एखाद्याच्या आवडीनिवडीवरून त्याच्या चारित्र्याचा निवाडा करण्याची मुभा देते. हे टप्प्याटप्प्याने पाहू.

१. सगळ्यांना ठाऊक असलेली गुप्त खूण

सांकेतिक खुणेला दोन अटी पाळाव्या लागतात. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना ती कळली पाहिजे, आणि इतरांना ती कळता कामा नये. पॅम्पासची कथा दुसऱ्या अटीवर पहिल्याच पावलाला अडखळते. टॅक्सीवाल्यापासून वृत्तपत्राच्या स्तंभलेखकापर्यंत जिचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, त्या खुणेने काहीच लपत नाही. ज्या जोडप्याला गुप्तता हवी आहे, ते दहा फूट वाढणारे गवत रस्त्याच्या कडेला का लावील?

पहिल्या अटीचे काय? इथे थोडे गणित करावे लागते. आकडे काल्पनिक आहेत, पण कथेला झुकते माप देणारे आहेत. एका शहरात १०,००० घरे आहेत. त्यांतली शेकडा एक, म्हणजे १०० घरे स्विंगरांची आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांनी, म्हणजे ५० घरांनी, मुद्दाम पॅम्पास लावले आहे. उरलेल्या ९,९०० घरांपैकी फक्त ५ टक्क्यांनी ते निव्वळ आवडीने लावले, तरी ती ४९५ घरे होतात. एकूण झुपके ५४५, त्यांतले 'खरे' ५०. खुणेवर विसंबून अकरा दारे ठोठावणाऱ्याला दहा दारांवर एखादे चकित कुटुंब भेटेल. असा संकेत कुणी महिनाभरही वापरणार नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी हा दोष शतकानुशतके शिकवला आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान चालते, कारण अग्नीवाचून धूर कुठेच आढळत नाही. या अटळ साहचर्याला ते व्याप्ती म्हणतात. जे कारण साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, असलेल्या ठिकाणी आढळते आणि साध्य नसलेल्या ठिकाणीही तितक्याच सहज आढळते, तो अनैकान्तिक हेत्वाभास. 'आगीशिवाय धूर निघत नाही' असे म्हणत या कथेची पाठराखण करणाऱ्यांनी आधी एवढेच ताडून पाहावे, की समोर दिसतो तो धूर आहे की सकाळचे धुके.

२. मग ते एकमेकांना सापडतात कसे?

याचे उत्तर गूढ नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ गिल्बर्ट बार्टेल यांनी स्विंगरांचा प्रत्यक्ष अभ्यास करून १९७१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना भेटलेली जोडपी छापील जाहिरातींतून एकमेकांपर्यंत पोहोचत होती. अशा जाहिरातींना वाहिलेली मासिके होती, पत्रव्यवहार होता, छायाचित्रांची देवाणघेवाण होती, आणि प्रत्यक्ष भेट त्यानंतर. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या अन्सोनिया इमारतीच्या तळघरात 'प्लेटोज रिट्रीट' हा क्लब उघडला. तो कुठे आहे हे अख्ख्या शहराला ठाऊक होते. पुढे इंटरनेटवरची संकेतस्थळे आली, आणि २०१४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या, आता 'फील्ड' नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲपसारखी ॲप्सही आली.

या सगळ्या मार्गांत एक समान गोष्ट आहे: तिथे बोलता येते. वय, गाव, अपेक्षा, मर्यादा आधी सांगता येतात, आणि मुख्य म्हणजे नकार देता येतो. परस्परसंमतीवर उभ्या असलेल्या व्यवहाराला संभाषण लागतेच. गवताच्या तुऱ्याला 'आज नको' म्हणता येत नाही, 'तुम्ही नको' तर त्याहून नाही.

सत्तरच्या दशकातल्या 'की पार्टी'चेही असेच आहे. पुरुषांनी गाडीच्या किल्ल्या एका भांड्यात टाकायच्या, जिच्या हाती जी किल्ली येईल तिने त्या किल्लीच्या मालकाबरोबर जायचे. हे दृश्य आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ते 'द आइस स्टॉर्म'मुळे, म्हणजे रिक मूडी यांच्या १९९४ च्या कादंबरीमुळे आणि तिच्यावरच्या अँग ली यांच्या १९९७ च्या चित्रपटामुळे. दोन्हींतला काळ १९७३ चा आहे. एका दशकाबद्दलची आपली 'आठवण' वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या कलाकृतीने घडवलेली असू शकते, हे या विषयात फार जपून लक्षात ठेवावे लागते.

३. कथेचा नायक नेहमी निरपराध का?

आता या कथा जशा सांगितल्या जातात तशा नीट ऐकाव्यात. एक जोडपे नव्या घरात राहायला येते. बागेत हौसेने पॅम्पास लावते. शेजारी चमत्कारिक हसू लागतात, पोस्टमन डोळे मिचकावतो, एके संध्याकाळी अनोळखी माणसे दार वाजवतात. शेवटी कुणीतरी कानात सांगते, आणि दुसऱ्या दिवशी गवत उपटले जाते. अननसाची कथाही हीच: आजीबाईंनी क्रूझवर नातवंडांच्या हौसेखातर अननसाच्या छापाचा शर्ट घातला, आणि मग काय काय झाले.

सांगणारे बदलतात, गाव बदलते. पात्रांची वाटणी मात्र बदलत नाही. खूण लावणारा नेहमी अजाण असतो. 'त्यांनी पॅम्पास लावले आणि त्यांना हवे तसे सोबती मिळाले' अशी कथा ऐकायला मिळत नाही. म्हणजे ही लोककथा स्वतःच आपल्या तोंडाने कबूल करते, की ही खूण चुकीच्याच माणसांवर जाऊन बसते. गैरसमज हाच तिचा एकमेव प्रसंग आहे. तिच्यातली भीती स्विंगरांची नाही. आपल्यालाही नकळत कुणीतरी तसे समजेल, ही आहे.

४. आळ नेमका याच वस्तूंवर का?

सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा हा. ब्रिटिश बागांत गुलाब आहेत, लॅव्हेंडर आहे, हायड्रेंजिया आहे. त्यांच्यावर असा संशय नाही. पॅम्पासवरच का?

हे गवत मूळचे दक्षिण अमेरिकेतले, अर्जेंटिना आणि आसपासच्या गवताळ प्रदेशांतले. १८४० च्या सुमारास त्याचे बी डब्लिनच्या ग्लासनेव्हिन वनस्पतिउद्यानात पोहोचले, आणि व्हिक्टोरियन श्रीमंतांच्या विस्तीर्ण बागांत त्याला मानाची जागा मिळाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेच गवत उपनगरांतल्या चिमुकल्या पुढच्या बागांत आले. फारशी निगा न राखता ते भरभर वाढते, शरदात रुपेरी तुरे देते. नोकरदार माणसाला याहून काय हवे? सत्तरच्या दशकात ते जिकडेतिकडे होते. मग फॅशन ओसरली. एका पिढीला जे झोकदार वाटत होते, ते पुढच्या पिढीला गावंढळ वाटू लागले, आणि आळ आला तो या उतरत्या काळात.

यादीतल्या इतर वस्तूंची कुंडलीही जुळते. गुलाबी प्लास्टिकचा फ्लेमिंगो डॉन फेदरस्टोन यांनी १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लिओमिन्स्टर इथल्या कारखान्यात घडवला. स्वस्त, भडक आणि कामगारवस्तीत लाडका असलेला हा पक्षी पुढे वाईट अभिरुचीचे प्रतीकच ठरला. बागेतल्या बुटक्यांना तर लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात बंदीच होती. २०१३ मध्ये प्रदर्शनाच्या शताब्दीपुरती ती उठवण्यात आली. ज्या वस्तूला प्रतिष्ठितांच्या बागेत मज्जाव, त्याच वस्तूला कुजबुजीत व्यभिचाराचा वास. हा योगायोग मानणे अवघड आहे.

अभिरुचीबद्दल उघड बोलणे असभ्य ठरते. 'तुमची बाग आम्हाला हलक्या दर्जाची वाटते' असे शेजाऱ्याला तोंडावर म्हणता येत नाही. पण 'त्या गवताचा अर्थ तुम्हाला माहीत आहे का?' असे हसत विचारता येते. वर्गभेदातून आलेली नापसंती अशी नैतिक संशयाचे कपडे घालून फिरते, आणि तिला कुणी जाबही विचारू शकत नाही, कारण 'अहो, गंमत केली' हे उत्तर तयारच असते.

५. अंगण आणि दर्शनी भिंत

ही कथा उपनगरांतच का रुजली, हेही यातूनच उलगडते. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७ पासून चार-पाच वर्षांत १७ हजारांहून अधिक जवळजवळ एकसारखी घरे उभी राहिली. तिथल्या नियमांत हिरवळ वेळच्या वेळी कापण्याची सक्ती होती, कुंपणाला मनाई होती, शनिवार-रविवारी बाहेर धुणे वाळत घालायचे नव्हते. अशा वस्तीत पुढचे अंगण मालकाचे असूनही ते सगळ्या आळीच्या नजरेचे असते. घरे एकसारखी, अंगणे एकसारखी; मग जो थोडा वेगळा झुपका लावतो त्याचा अर्थ लावण्याची घाई होते. पडद्यामागे काय चालते हे कळायला मार्ग नाही, म्हणून पडद्याबाहेर जे आहे त्यावरून ताळा जमवायचा.

याची उलट चाचणीही आपसूक झाली आहे. गेल्या काही वर्षांत पॅम्पासचे वाळवलेले तुरे पुन्हा फॅशनमध्ये आले. लंडनच्या दिवाणखान्यांत उंच फुलदाण्यांत ते दिसतात, आणि पुण्यामुंबईच्या लग्नाच्या सजावटींतही ते मंडपाच्या कमानींवर मिरवतात. तिथे कुणी कुणाकडे संशयाने बघत नाही. गवत तेच, तुरा तोच. ते रस्त्याकडच्या अंगणातून आत, यजमानाच्या राज्यात गेले, अभिरुचीच्या बाजारात पुन्हा वर चढले, आणि आळ गळून पडला. गवतात काही अर्थ असता तर तो असा जागा पाहून उतरला नसता.

६. घरावरच्या खुणांची जुनी भीती

अनोळखी लोक घरांवर खुणा करतात, ही भीती स्विंगरांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १५४० मध्ये जर्मनीतले आइनबेक शहर आगीत जळून खाक झाले. धार्मिक फुटीने पोखरलेल्या त्या काळात, शत्रुपक्षाने पैसे देऊन जाळपोळ करणारे पाठवले आहेत आणि ते भिंतींवर, दारांवर खुणा करून एकमेकांना इशारे देतात, अशी हवा पसरली. खुणांच्या याद्या निघाल्या, भटक्या आणि भिकाऱ्यांना धरून छळ करून कबुलीजबाब घेतले गेले, आणि माणसे मारली गेली. चोरांच्या खुणांचे असे तक्ते जर्मनीत आजही अधूनमधून छापून येतात. ब्रिटनमध्ये अलीकडे फरसबंदीवरच्या खडूच्या फुल्या-गोलांना घरफोड्यांची चित्रलिपी ठरवणारे तक्ते फिरले. पुढे कित्येक खुणा पाणी, वीज आणि केबलच्या कामगारांच्या असल्याचे सांगावे लागले.

सद्हेतूने जोपासलेली खूणकथाही तपासणीत कशी डळमळते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. गुलामगिरीतून पळणाऱ्यांना वाट दाखवण्यासाठी घरांवर विशिष्ट नक्षीच्या गोधड्या वाळत घालत, असे सांगणारे पुस्तक १९९९ मध्ये आले आणि शाळाशाळांत पोहोचले. इतिहासकारांनी शंका घेतली, ती पुराव्याच्या मुळाशी जाऊन. १९३० च्या दशकात पूर्वी गुलाम असलेल्या लोकांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती नोंदवल्या गेल्या होत्या. गोधड्यांच्या या संकेतव्यवस्थेला त्यांत आधार मिळत नाही. तिथे कथेमागे आदर होता, इथे चावटपणा आहे. पण घडण तीच: ज्यांचे आयुष्य आपल्याला आतून दिसत नाही, त्यांच्या अंगणातल्या वस्तू आपण वाचायला घेतो.

आक्षेप पहिला: खरे गुप्त संकेत होतेच की

होते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. १९७० च्या दशकात अमेरिकन समलिंगी पुरुष मागच्या खिशातल्या रुमालाच्या रंगातून आणि खिसा डावा की उजवा यातून एकमेकांशी बोलत. ब्रिटनमध्ये पोलारी ही बोली होती. पण हे संकेत कशाने घडले ते पाहावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते. उघड जाहिरातीचा मार्ग तुरुंगाकडे जात होता. म्हणून संकेत अंगावर वागवले जात, हवे तेव्हा लपवता येत, आणि ओळखीच्या जागांपुरते असत. बीबीसीच्या 'राउंड द हॉर्न' या श्रुतिका-मालिकेने १९६५ ते १९६८ या काळात पोलारी घराघरांत नेली, आणि १९६७ नंतर तर लपण्याची निकडही कमी होत गेली. ही बोली पुढे वापरातून जाण्यामागे ही दोन्ही कारणे अभ्यासक देतात. गुपित फुटले की संकेत मरतो. पॅम्पासची कथा मात्र गुपित फुटल्यावरच जन्मली आणि फुटत राहण्यावरच जगते. रस्त्यात रोवलेले, न हलवता येणारे, लपवता न येणारे गवत या खऱ्या संकेतांच्या जातीचे नाही.

आक्षेप दुसरा: आता तर स्विंगर स्वतःच अननस वापरतात

हा आक्षेप अधिक ताकदीचा आहे, आणि त्यातली वस्तुस्थिती मान्य करावी लागते. अननसाचे बिल्ले, चुंबके, शर्ट मुद्दाम घेणारे स्विंगर आज आहेत. लोकसाहित्याच्या अभ्यासक लिंडा डेघ आणि अँड्र्यू वाझोनी यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की लोक आख्यायिका नुसती सांगत नाहीत, ती करूनही दाखवतात. कथा आधी, कृती नंतर. २०२४ च्या ऑगस्टअखेर स्पेनमध्ये हे सगळ्या देशाने पाहिले. मर्कादोना या किराणा-साखळीच्या दुकानांत संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान ट्रॉलीत अननस उलटा ठेवून फिरले की जोडीदार मिळतो, अशी एक चित्रफीत पसरली. इथे प्रश्न एकट्यांच्या प्रेमाचा होता, स्विंगरांचा नव्हता. दुकानांत तरुणांची झुंबड उडाली, ट्रॉल्या एकमेकींवर आदळल्या, बातम्या झाल्या. आणि पुष्कळजण तिथे जोडीदार शोधायला नव्हे, चित्रीकरण करायला आले होते.

म्हणजे कृती खरी झाली, तरी ती कथेचा पुरावा होत नाही. ती कथेचे फळ असते. शिवाय जो आज अननसाचा शर्ट घालतो तो लपत नाही, तो जाहीर करतो. शेजाऱ्यांनी रचलेली खूण त्याने उचलून स्वतःच्या छातीवर लावली, आणि तिच्यातला गुप्तपणा तिथेच संपला. ज्या आजीबाई अजाणता तोच शर्ट घालतात, त्यांच्याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आक्षेप तिसरा: चार घटका करमणूक, बिघडले काय?

बिघडते ते असे. सज्ञान माणसांनी आपसांतल्या संमतीने घरात काय करावे, हा ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत शेजाऱ्याचा विषय नाही. ही कथा तो त्याचा विषय बनवते आणि वर निष्पाप दिसते. जे स्विंगर आहेत त्यांची ती भानगड करून ठेवते. जे नाहीत त्यांना आपण नाही हे सिद्ध करायला लावते. आणि सिद्ध कसे करायचे? कुदळ घेऊन. ब्रिटिश वृत्तपत्रांनी गेल्या दशकात रोपवाटिकांच्या हवाल्याने लिहिले, की या वदंतेपायी पॅम्पासची विक्री घसरली. बदलत्या फॅशनचा वाटा त्यात किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण बागवान गिऱ्हाईकाशी त्या रोपाबद्दल बोलताना आधी ही कुजबुज निस्तरत बसतो, हे पुरेसे वाईट आहे.

कारण त्या गवताबद्दल गंभीरपणे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. न्यूझीलंडमध्ये ते उपद्रवी वनस्पतींच्या यादीत आहे आणि त्याच्या विक्रीला बंदी आहे. उत्तर स्पेनमधल्या कांताब्रियाच्या किनारपट्टीवर त्याने स्थानिक वनस्पतींची जागा बळकावली असून, ते उपटण्यासाठी २०१८ पासून युरोपीय निधीतून मोहीम सुरू झाली. एका तुऱ्यात बियांची संख्या लाखाच्या घरात जाऊ शकते, आणि वारा त्या कित्येक किलोमीटर दूर नेतो. हिवाळे सौम्य होत चालले आहेत, तेव्हा दक्षिण इंग्लंडमधल्या बागेत हे गवत लावावे का, लावल्यास तुरे बी धरण्याआधी कापावेत का, त्याऐवजी दुसरे कोणते गवत चालेल, हे प्रश्न रोपवाटिकेत विचारले गेले पाहिजेत. उत्तरे बागवानांकडे आहेत.